बीसीएम बदलला, पण आधी पाणी शोधलं: एका डिलिव्हरी व्हॅनची पूर्ण केस

एका डिझेल डिलिव्हरी व्हॅनची केस सविस्तर लिहितोय. मागे बंद बॉडी, एका बाजूला सरकता दरवाजा, वय ८ वर्षं, रोज सकाळी माल भरून निघणारी आणि दिवसभरात ४०-५० वेळा बंद-चालू होणारी गाडी. शेवटी हिचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम बदलावं लागलं. जुनं काढून नवं बसवायला लागला अर्धा तास, त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम पुरलं ५ दिवस, आणि सांगण्यासारखं जे आहे ते सगळं त्या ५ दिवसांतलंच आहे.

गाडी आली तेव्हा तक्रारी अशा. सोमवारी सकाळी बॅटरी डाऊन. स्विच बंद असताना वायपर मधेच एक फेरी मारून थांबतात. रात्री उभ्या गाडीचं सेंट्रल लॉक आपोआप खटखट वाजतं. डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने मारतो. आणि महिन्यातून दोन-तीनदा चावी फिरवली की सेल्फच लागत नाही, मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत राहतो, दहा मिनिटांनी परत चावी मारली की गाडी सुरू, जणू काही झालंच नाही. याआधी दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, अल्टरनेटर उघडून झाला होता, वायपरचा कॉम्बिनेशन स्विच नवा टाकला होता. ज्यांनी ही कामं केली त्यांनी मनापासूनच केली असणार, फक्त प्रत्येकाने त्याच्यासमोर आलेली एकच तक्रार बघितली आणि तिच्या जवळचा पार्ट बदलला. मालकाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी दोन दिवस कुठलाही पार्ट बदलणार नाही, फक्त मापं घेणार, चालेल का. तो हो म्हणाला, त्या एका होकारामुळे ही केस सुटली असं मला वाटतं.

ज्यांना बीसीएम नेमकं काय करतो ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या गाड्यांमध्ये वायपरच्या मोटरचा करंट थेट स्विचमधून जायचा, हेडलाइटचा स्विचमधून नाहीतर रिलेमधून. आता स्विच फक्त निरोप देतो. तो निरोप बीसीएमकडे जातो, बीसीएम ठरवतो आणि आपल्या आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून किंवा रिलेमधून लाइट, वायपर, हॉर्न, लॉक, आतला दिवा यांना करंट सोडतो. बऱ्याच गाड्यांत चावी ओळखायचं काम म्हणजे इमोबिलायझर पण त्याच्याच पोटात असतो. इंजिनचा ईसीयू म्हणजे कंट्रोल युनिट, डॅशवरचं मीटर, ब्रेकचं एबीएस हे सगळे त्याच्याशी कॅन लाइनवर बोलतात, एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, बॉशने १९८६ साली जगासमोर आणलेली पद्धत. रेन सेन्सर, काचांचे स्विच असली छोटी मंडळी बऱ्याचदा लिन नावाच्या एकाच वायरवर बोलतात. त्यामुळे वायपर, लॉक, सेल्फ आणि बॅटरी अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या चार तक्रारी एकदम येतात तेव्हा त्या कुठे एकत्र येतात ते आधी शोधायचं, आणि ती जागा बहुतेक वेळा एक तर बीसीएम असते नाहीतर त्याचा अर्थ, म्हणजे त्याला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारं अर्थिंग.

हा "नाहीतर त्याचा अर्थ" फार महत्त्वाचा आहे. अर्थिंग लूज असेल तरी हीच लक्षणं येतात आणि चांगलं मॉड्यूल फुकट बदललं जातं. म्हणून मॉड्यूल खराब आहे हे ठरवायच्या आधी त्याला करंट नीट मिळतोय, अर्थ नीट मिळतोय, लाइनवर बोलणं नीट चाललंय आणि त्याच्याकडे येणारे निरोप खरे आहेत, या चारही गोष्टी मापून बघाव्या लागतात. त्या चारही बरोबर निघाल्या आणि तरी ते चुकीचं वागत असेल, तरच ते दोषी.

गाडी सोडायला ड्रायव्हर आला होता, जाताजाता तो म्हणाला, "दादा, पाऊस पडला नाहीतर गाडी धुतली की पुढचे दोन दिवस हिचं काहीतरी सुरू होतं, कडक ऊन पडलं की आपोआप बरी होते." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं पण त्याला जेवढं वजन द्यायला हवं होतं तेवढं मी त्या दिवशी दिलं नाही, सरळ बॅटरीकडे वळलो. आज परत तशी गाडी आली तर मी आधी पायाखालचं रबरी मॅट उचलून बघेन.

बॅटरी ठीक होती. पूर्ण चार्ज करून रात्रभर सुटी ठेवली, सकाळी १२.६ व्होल्ट, लोड टेस्टमध्ये पास. मग गाडी झोपल्यावर किती करंट खाते ते बघायला निगेटिव्हच्या वायरीत मल्टिमीटर सिरीजला लावलं. हे करताना दरवाज्याच्या लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केली म्हणजे गाडीला वाटतं दरवाजा लागलाय, बोनेटचा स्विच असेल तर तो पण दाबायचा, चावी लांब ठेवायची आणि कुणालाही गाडीला हात लावू द्यायचा नाही. मीटर सिरीजला असताना चुकून चावी मारली तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. चांगली गाडी साधारण २० ते ४० मिनिटांत झोपते आणि मग ५० मिलिॲम्पच्या आतच खाते. ही गाडी २५ मिनिटांनी ३० मिलिॲम्पवर आली. म्हणजे वरवर बघितलं तर एकदम निरोगी, आणि इथेच कुणीही मीटर काढून बॅटरी खराब म्हणून मोकळा झाला असता. मी तसंच लावून ठेवलं. अजून दहा मिनिटांनी आतून खट्ट आवाज आला आणि मीटर २.१ ॲम्पवर गेलं, दोनेक मिनिटं तिथेच, मग परत ३०. थोड्या वेळाने परत तेच. गाडी झोपत होती पण तिला कुणीतरी सारखं उठवत होतं. एकूण वेळेतला साधारण पाव वेळ ती जागी होती म्हणजे सरासरी अर्धा ॲम्पिअर पडला, आणि शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ जवळपास ४० तास धरले तर २० ॲम्पिअर-तास गेले. बॅटरी ७० ची, दिवसभर छोट्या फेऱ्यांमुळे ती कधीच पूर्ण भरत नाही, मग सोमवारी सेल्फ कुठून लागणार.

कोण उठवतंय हे बघायला फ्यूज उपसायचे नाहीत, फ्यूज काढून परत लावला की अर्धी मॉड्यूलं जागी होतात आणि सगळं माप बिघडतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात त्यांच्यावर मिलिव्होल्ट मापायचे, करंट जात असेल तर थोडं माप येतं, जात नसेल तर शून्य. बीसीएमच्या दोन फ्यूजवर गाडी जागी होताना माप चढत होतं.

मग स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलांमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. फक्त इंजिन नाही, सगळ्या मॉड्यूलांचं स्कॅन करायचं. इंजिन ईसीयूमध्ये आणि डॅशवरच्या मीटरमध्ये दोन्हीकडे यू०१४० सापडला, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. असे कोड वाचताना कोड कुणाकडे आहे यापेक्षा तो कुणाबद्दल आहे ते बघायचं, दोघं वेगवेगळे जण एकाच तिसऱ्याबद्दल बोलत असतील तर त्या तिसऱ्याकडे जायचं. बीसीएमच्या लाइव्ह डेटामध्ये वायपरचा स्विच मी हात लावलेला नसताना बंद, इंटरमिटंट, बंद असा उड्या मारत होता, आणि सरकता दरवाजा बंद असून मधेच उघडा दाखवत होता. रात्रीची खटखट आणि गाडीचं जागं होणं दोन्ही तिथेच सापडलं.

कॅन लाइन तपासायला बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स घेतला, ६०.३ ओहम. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते पॅरलल म्हणून ६०. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. बॅटरी जोडून व्होल्टेज घेतलं तर एका वायरीवर २.६ आणि दुसरीवर २.४, हेही बरोबर. एक सावधगिरी, ज्या गाड्यांत मधे गेटवे, म्हणजे निरोप इकडून तिकडे देणारं मधलं मॉड्यूल, असतो तिथे ओबीडीच्या पिनांवर फक्त स्कॅनरपुरती लाइन दिसते, आतल्या लाइनचं माप तिथून मिळत नाही, मग ते आतल्या एखाद्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगवर, घ्यावं लागतं. या गाडीत गेटवे नव्हता.

करंट आणि अर्थ नुसत्या मीटरने तपासू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेल्या वायरीवरसुद्धा मीटर १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. मी २१ वॅटचा बल्ब लावतो, तो साधारण पावणेदोन ॲम्प ओढतो, बीसीएमच्या कपलरमधल्या प्रत्येक सप्लाय पिनवर आणि अर्थ पिनवर. बल्ब पूर्ण पेटला, आणि सगळे लाइट चालू ठेवून अर्थवरचा ड्रॉप फक्त ०.०४ व्होल्ट आला. ०.१ च्या आत म्हणजे उत्तम. आता संशय मॉड्यूलच्या आत सरकला, पण अजून शाबित नव्हतं.

शाबित झालं ते वायपरच्या एका पिनवर. या स्विचमध्ये प्रत्येक पोझिशनला वेगळा रेझिस्टर असतो, बीसीएम त्या वायरीवर स्वतः ५ व्होल्ट सोडतो आणि किती खाली आलं त्यावरून ओळखतो की स्विच कुठे आहे. म्हणजे स्विचचा कपलर काढला की वायरीवर ठाम ५ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले ३.१, मग ३.६, मग परत ३.२, सारखं हलणारं. आता ही गळती वायरीत आहे की मॉड्यूलमध्ये? मी बीसीएमच्या कपलरमधून ती एकच पिन मागून सोडवून बाहेर काढली, बाकी सगळं जोडलेलं ठेवलं, आणि त्या रिकाम्या घरातून बारीक प्रोब आत घालून मॉड्यूलच्या स्वतःच्या पिनवर माप घेतलं. वायर नाही, स्विच नाही, काही नाही, तरी ३.३ व्होल्ट आणि हलतंय. बाहेरचं सगळं सुटं असताना जो बिघाड राहतो तो आतलाच. कॉम्बिनेशन स्विच कितीही नवे टाकले असते तरी काही होणार नव्हतं ते यामुळे.

मॉड्यूलला हात लावायच्या आधी मी अजून एक गोष्ट केली आणि या पूर्ण केसमध्ये तीच सगळ्यात मोलाची ठरली. ते अजून बोलतंय तोवर त्याच्यातलं कोडिंग वाचून ठेवायचं. बीसीएम कारखान्यातून कोरा येतो, त्याला या गाडीला किती दरवाजे, सरकता दरवाजा कुठल्या बाजूला, मागे वायपर आहे का, अलार्म आहे का, दिवसाचे लाइट कसे, हे सगळं सांगावं लागतं, आणि जुनं मॉड्यूल पूर्ण मेलं की यातली किती तरी माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही. पहिल्या दिवशी वाचताना मधेच दोनदा संपर्क तुटला. गाडी पूर्ण दिवस उन्हात उभी केली, काचा खाली, डॅशखालचं कव्हर काढलेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण वाचलं. फाइल सेव्ह केली, स्क्रीनचे फोटो काढले आणि त्यातला १७ अक्षरांचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितला. पुढे संध्याकाळी ते मॉड्यूल बाहेर काढलं, आतली अवस्था बघून मला खरंच वाटलं की अजून आठवडाभर थांबलो असतो तर हे वाचलं नसतं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून १५ मिनिटं थांबलो, डॅशखाली हात घालायचा म्हणजे एअरबॅगच्या वायरी जवळ असतात. मॉड्यूल स्टेअरिंगच्या बाजूला फ्यूज बॉक्सच्या मागे, कपलर वरच्या बाजूला. म्हणजे पाणी आलं तर थेट कपलरच्या तोंडात. काळा कपलर ओढला तेव्हा तो नेहमीसारखा टक् करून सुटला नाही, चिकटून चिकटून आला, आणि आत ३ पिनांवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. त्यातली एक पिन, जिच्यावर कायम १२ व्होल्ट असतात, ती अर्धी विरघळून सुईसारखी झाली होती. चार क्लिपा सोडवून मॉड्यूल उघडलं तर बोर्डावर त्याच पिनांच्या पायाशी पांढरा-हिरवा थर, भिंगातून बघितलं तर दोन पिनांच्या मधे तांब्याचे बारीक फाटे उगवलेले, जवळची एक ट्रॅक खालून खाल्लेली आणि वरचं संरक्षक लॅकर सालपटासारखं सुटलेलं. प्लस आणि अर्थ शेजारी शेजारी, मधे ओल, आणि बॅटरी कायम जोडलेली, की प्लसकडचं तांबं विरघळत जातं आणि दुसरीकडे जाऊन जमतं. स्वच्छ पाण्यापेक्षा धुलाईचा साबण आणि रस्त्याची धूळ मिसळलेलं पाणी हे काम कितीतरी लवकर करतं. ओल असताना ते फाटे करंट वाहून नेतात, वाळलं की कमी होतात. ड्रायव्हर जे बोलला ते सगळं इथे माझ्या हातात होतं.

आता नवं मॉड्यूल मागवून बसवलं असतं तर गाडी दुसऱ्या दिवशी गेली असती आणि काही महिन्यांत परत आली असती. पाणी कुठून येतं ते सापडल्याशिवाय नवं बसवायचं नाही हे मी मालकाला स्पष्ट सांगितलं. रबरी मॅट उचललं तर खालचा जाड नमदा पिळला की पाणी गळत होतं, वर मॅट एकदम कोरडं. नमदा बाहेर काढून वाळायलाच दोन दिवस गेले.

पाण्याची टेस्ट करताना पाइप वरून मारायचा नाही, खालून सुरू करायचं आणि एकेका भागावर दहा-दहा मिनिटं, नाहीतर सगळीकडेच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. मी टॉर्च घेऊन डॅशखाली आडवा, बाहेर एकजण पाइप धरून. बोनेटच्या कडा, काही नाही. दरवाज्याचं रबर, काही नाही. माझी पूर्ण खात्री होती की पुढच्या काचेचं सिलंट असणार, तिथेही काही नाही. मग वायपरच्या खाली जी प्लॅस्टिकची जाळी असते तिच्यात पाणी सोडलं आणि सहा-सात मिनिटांनी मेन हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या मुख्य जुडग्यावरून, एक थेंब सरकत सरकत आला, कपलरच्या वरती थांबला, मोठा झाला आणि आत पडला. जाळी काढून बघितली तर खालचं पाणी जायचं भोक कुजलेल्या पानांनी गच्च बंद, त्यामुळे तिथे पाणी साठून हार्नेसच्या रबरी ग्रोमेटच्या वर चढत होतं. एवढ्यानेही आत यायला नको होतं, ग्रोमेट त्यासाठीच असतो. पण कधीतरी नंतर बसवलेल्या कुठल्यातरी ॲक्सेसरीची लाल वायर त्याच ग्रोमेटला भोसकून आत ओढली होती, आणि त्या वायरीच्या अंगाने पाणी आत.

भोक साफ केलं, ग्रोमेट नवा घातला, ती लाल वायर दुसरीकडून वेगळ्या ग्रोमेटमधून आणली आणि बॅटरीजवळ तिला फ्यूज दिला, तो आधी नव्हताच. आत हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे उद्या चुकून थेंब आलाच तर झोळाच्या तळाशी गळून पडेल. मॉड्यूलच्या ब्रॅकेटला थोडी वळायची सोय होती, त्यामुळे नवं मॉड्यूल कपलर खाली तोंड करून बसवता आलं.

कपलरच्या ३ पिना बदलल्या. इथे घाई करू नये. वायर सोलली तर आत तांबं काळं, पाणी तारांच्या मधून वातीसारखं वर चढतं, म्हणून लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे मागे कापत गेलो, एका वायरीत जवळपास वीतभर. नव्या पिना योग्य क्रिम्परने दाबल्या, जोड एकाच जागी न देता पुढेमागे, वरून गोंद असलेली हीट श्रिंक. मी अशा ठिकाणी डाग म्हणजे सोल्डर देत नाही, डाग वायरीत वर शोषला जातो, तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. कॅनच्या दोन वायरींचा पीळ कपलरच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवला.

मालकाने या मधल्या काळात कुठूनतरी जुनं मॉड्यूल आणलं होतं, दिसायला हुबेहूब, कपलर पण तेच, आणि लावून बघूया म्हणाला. मी लावलं नाही. नंबर बघितला तर शेवटचं अक्षर वेगळं होतं, आणि शेवटच्या अक्षरावर बरंच काही अवलंबून असतं, आत कुठले ड्रायव्हर म्हणजे करंट सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच भरलेत आणि कुठले रिकामे आहेत ते. शिवाय जुन्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर, दुसऱ्या चाव्या, आणि काही गाड्यांमध्ये किलोमीटरची नोंदही असते, मीटर आणि बीसीएममध्ये जो आकडा मोठा तो धरला जातो आणि तो परत खाली आणता येत नाही. जुन्यातला डेटा काढून तसाच्या तसा दुसऱ्या त्याच नंबरच्या मॉड्यूलमध्ये टाकणं, म्हणजे क्लोन, हा चांगला मार्ग आहे, त्यात चाव्या परत शिकवाव्या लागत नाहीत, पण हार्डवेअर नंबर तंतोतंत हवा आणि करणाऱ्याचा हात बसलेला हवा. आमच्याकडे तसा नंबर मिळाला नाही म्हणून नवं मागवलं, चेसिस नंबर आणि पार्ट नंबर दोन्ही देऊन.

प्रोग्रामिंगच्या दिवशी बॅटरीला १३.५ व्होल्टचा स्थिर सप्लाय लावला. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज हलतं, आणि प्रोग्रामिंगमध्ये गाडी स्वतः फॅन नाहीतर लाइट चालू करते तेव्हा तो करंट पुरवायची ताकद सप्लायमध्ये हवी. मधेच व्होल्टेज पडलं तर नवंकोरं मॉड्यूल अर्धवट राहतं आणि कधीकधी परत उठतच नाही. लॅपटॉप वीजेवर, नेट केबलने. चाव्या दोन्ही मागितल्या होत्या, मालक एकच घेऊन आला, म्हणून काम थांबवून दुसरी आणायला पाठवलं. चावी शिकवताना आधीच्या सगळ्या पुसल्या जातात, जी समोर नाही ती बाद. चाव्यांचा कोड कंपनीकडून मालकीचे कागद दाखवूनच मिळतो, ते बरोबरच आहे.

कंपनीच्या सर्व्हरवरून कोडिंग आलं, चाव्या शिकल्या, ईसीयूशी जुळणी झाली, गाडी पहिल्या चावीला सुरू. मग एकेक गोष्ट चालवून बघताना लक्षात आलं की पुढचे दरवाजे लॉक होतात पण मालाचा सरकता दरवाजा होत नाही. सर्व्हरने गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं कोडिंग दिलं होतं, आणि मालाच्या दरवाज्यांचं वेगळं लॉक नंतर कधीतरी चालू केलेलं होतं. जुन्या मॉड्यूलमधून वाचून ठेवलेली फाइल उघडली, दोन्ही शेजारी ठेवून ओळीने ताडून बघितली, ४ ठिकाणी फरक निघाला, ते चारही जुन्याप्रमाणे केले आणि दरवाजा लॉक झाला. ती फाइल नसती तर मी आठवडाभर सरकत्या दरवाज्याची वायरिंग उकरत बसलो असतो.

नंतर काचांच्या मोटरी वर-खाली करून शिकवल्या, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून सेन्सरचा दिवा घालवला, सगळे कोड पुसून गाडी चालवून परत स्कॅन केलं, एकही कोड आला नाही. फक्त डावा इंडिकेटर अजूनही दुप्पट वेगाने मारत होता. नवं मॉड्यूल असून तेच, म्हणून क्षणभर पोटात गोळा आला. मागच्या डाव्या लाइटचं कव्हर उघडलं तर आत कुणीतरी एलईडी बल्ब घातलेला. बीसीएम इंडिकेटरचा करंट मोजतो, २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅट दिसले की त्याला वाटतं बल्ब गेला आणि तो वेग वाढवून कळवतो. साधा बल्ब लावला, वेग नीट. ही तक्रार पहिल्यापासून यादीत होती आणि तिचा पाण्याशी किंवा जुन्या मॉड्यूलशी काहीही संबंध नव्हता, जुनं मॉड्यूल निदान या एका बाबतीत खरंच सांगत होतं.

झोपेतला करंट परत लावला, या वेळी तब्बल तीन तास. २२ मिलिॲम्प, आणि एकदाही उठली नाही. मग जाळीत अर्धा तास पाणी सोडलं, आत हार्नेसला टिश्यू पेपर गुंडाळून. कोरडा. नवा टिश्यू गुंडाळून तो तसाच ठेवून गाडी दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं की चांगला पाऊस लागून गेला की एकदा दाखवायला आण. तो ६ आठवड्यांनी आला, मधे भरपूर पाऊस झाला होता. मी डॅशखाली हात घातला, टिश्यू बाहेर काढला, धूळ बसून थोडा करडा झाला होता, पण हातात चुरगळला तेव्हा नव्या कागदासारखा कुरकुरला.